गॅलरीच्या सळया

रत्नानं सुमनबाईच्या गॅलरीचं गणित तिसऱ्यांदा मांडलं. उत्तर तेच आलं, तेव्हा तिनं पेन खाली ठेवलं. समोर तिचे वडील, निंबा मिस्त्री, टोपी घालून तयार बसले होते. सुमनबाईच्या घरी द्वारदर्शनाला, म्हणजे दुखवट्याच्या भेटीला, जायचं होतं, आणि गॅलरी कशानं पडली हे पोरीच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्यांचा पाय उचलत नव्हता.

त्यांनीच बांधलेली ती गॅलरी गेल्या सोमवारी पडली. वर सात बाया बिबडे, ज्वारीचे पापड, वाळत घालत होत्या. सहा जणी हातपाय मोडून वाचल्या, घरधनीण सुमनबाई गेली. गावाच्या जिभेला काय हाड असतं? कोणी म्हणे वजन झालं, कोणी म्हणे मिस्त्रीनं सिमेंट खाल्लं. तीस वर्षांत ज्यानं कुणाच्या गोणीतलं मूठभर सिमेंट घरी आणलं नाही, त्याला हे ऐकायची वेळ आली होती. पोरगी धुळ्याला बिल्डरकडे इंजिनियर. तिच्यावरच आता त्यांची भिस्त होती.

“वजनच झायं ना, माय?”

हो म्हणून टाकावं, असं रत्नाला फार वाटलं.

“नाही, नाना. वीस बाया बसल्या असत्या तरी पेललं असतं.”

“मंग?”

तिनं आकृतीवर बोट ठेवलं. “गॅलरी एकाच बाजूनं धरलेली असते. टोक खाली ओढतं, म्हणून ताण वरच्या अंगाला येतो आणि दाब खालच्या. दाब काँक्रीट सोसतं. ताण सळईनंच घ्यायचा. पडलेले तुकडे मी पाहून आले. सळया तळाशी होत्या.”

“माले शिकाडस? सळया वरच व्हत्यात. मी सोता बांध्यात!”

“वरच बांधल्या होत्या, नाना. काँक्रीट ओतायच्या आधी लोक त्यांच्यावर चढले. सळया दबल्या.”

“कोन चढनं? मी खाले मिक्सरजोडे व्हतू. नाव सांग त्यानं!”

नाव काय सांगणार, कप्पाळ! चार वर्षांपूर्वी स्लॅब ओतायच्या सकाळी पूजा झाली, नारळ फुटला, सगळं घर हौसेनं वर आलं. रत्नाचा डिप्लोमा होऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. मोबाईल तिच्याच हातात होता. नवं लुगडं नेसलेली सुमनबाई लाजून मागेच उभी राहिली, तेव्हा रत्नाच म्हणाली होती, “अक्का, पुढे या ना गॅलरीत. सगळेच या, फोटो भारी येईल.” अकरा माणसं सळयांवर उभी राहिली. ती माणसं खाली उतरली तेव्हा सळया तळाच्या फळ्यांना टेकलेल्या रत्नाला स्वच्छ दिसल्या. मजुरांच्या देखत बापाला कसं सांगायचं? नाना घेतील उचलून, असं म्हणून ती पेढे वाटायला गेली.

“मीच चढवलं त्यांना,” ती म्हणाली. “फोटोसाठी. दबलेल्या दिसल्या होत्या मला.”

नानांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. रागावले असते, दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी तिला बरं वाटलं असतं.

“तू वर व्हती,” ते हळूच म्हणाले. “इंजिनियर पोर वर शे, म्हनीसन मी परत पाह्यं नही.”

रत्नाला रडू फुटलं. त्यांनी तिच्या पुढ्यातला कागद उचलला, चार घड्या करून खिशात घातला आणि टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली.

“हाई कोनले सांगू नको. तुनी नोकरी जाई. प्रेमराजले मी सांगस. मिस्त्री चुकना, सळया खालेच बांध्यात.”

प्रेमराज म्हणजे सुमनबाईचा नवरा. दुपारच्या वेळी त्याच्या ओट्यावर अर्धं गाव बसलेलं असणार.

रत्ना धावत दाराशी गेली. नाना, नका जाऊ, एवढंच तर म्हणायचं होतं. नाना पायात चपला सरकवून तिच्यासमोर येऊन थांबले, तेव्हा तिनं बाजूला होऊन वाट दिली.