खाचेतलं कुंकू

वैजयंतीनं गिटारीची दांडी दाबली आणि सोडली. तार वाटेत 'टिंग' करून अडली आणि सुराच्या वर जाऊन बसली. पुन्हा दाबली. पुन्हा तेच.

"झालं का तुझं रडगाणं?" आतल्या खोलीतून मनोहर ओरडला. "रात्रपाळी करून आलेल्या माणसानं झोपायचं कधी? दुपारी तुझ्या परवानगीनं?"

"उद्या चाचणी आहे दादा."

"चाचणी! कलेक्टर व्हायला निघाली!"

मनोहर तिचा थोरला भाऊ. कारखान्यात इन्स्पेक्टर. हाताखाली चार माणसं, पण घरी आला की सगळा कारखाना आपल्याच खांद्यावर उभा असल्यासारखा चालायचा. आईवडील गेल्यापासून वैजयंती त्याच्या टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये राहत होती, आणि हे क्वार्टर आपलं आहे, तिचं नाही, हे सांगायला त्याला दिवसातून एकदा तरी निमित्त सापडायचं. पंखा जास्त फिरला तरी पुरे.

तिला तिथून निघायचं होतं. रेल्वेत कलाकारांच्या कोट्यातून एक जागा निघाली होती, फक्त एक, आणि उद्या हबीबगंजच्या हॉलमध्ये तिची चाचणी. पगार सुरू झाला की स्वतःची खोली. मग पंखा वाटेल तेवढा फिरेल.

तिची गिटार जुनी, इलेक्ट्रिक, इटारसीच्या एका बँडवाल्याकडून घेतलेली. हिच्या ब्रिजला, म्हणजे तारा जिथं अडकवतात त्या खालच्या पट्टीला, एक लोखंडी दांडी. दांडी दाबली की साऱ्या तारा एकदम सैल पडत आणि सूर खाली घसरे. सोडली की मागच्या स्प्रिंगा ब्रिजला परत ओढत आणि सूर जागेवर येई. वैजयंतीनं या दांडीवर मींड बसवली होती. सतारीला जमते तशी, एका सुरातून दुसऱ्यात ओघळणारी. उद्या येणारी बाकीची पोरं सिनेमाची गाणी वाजवणार, हे तिला ठाऊक होतं. तिच्याकडे ही मींड होती, दुसरं काही नव्हतं. आणि मींड संपल्यावर सूर चढूनच बसणार असेल, तर परीक्षक तिला पहिल्या मिनिटात बाहेरचा रस्ता दाखवतील.

खंडेनवमीपर्यंत सगळं ठीक होतं. मग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हे सुरू झालं.

तिनं तारा बदलल्या. ताणून ताणून त्यांचा नवेपणा काढला. ब्रिजचे स्क्रू पाहिले, स्प्रिंगा पाहिल्या, खुंट्या हलवून पाहिल्या. सगळं धड होतं आणि सूर काही धड येईना. तिला रडू यायला लागलं, पण मनोहर जागा असताना रडणं म्हणजे त्याच्या टोमण्यांना जेवायला वाढणं. ती डोळे पुसून नीट विचार करायला बसली.

खुंटी सरकत असती तर सूर उतरला असता. हा चढतोय. म्हणजे दांडी दाबली की सैल पडलेली तार खुंटीकडे सरकते, आणि परत फिरताना कुठंतरी अडकते. कुठं? दांडी आणि खुंटी यांच्या मधे अशी एकच जागा. मानेच्या टोकाला हाडाची पांढरी पट्टी असते, तिच्यातल्या सहा खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात.

तिनं तिसरी तार सैल केली, खाचेतून उचलली आणि सुईचं टोक खाचेत फिरवलं. सुईला लालसर, चिकट चिखल लागला. तिनं नाकाशी नेला. कुंकू होतं. आणि मशीनचं तेल. या घरात मशीनच्या तेलाचा वास एकाच माणसाच्या अंगाला येत होता.

सुई तशीच हातात धरून ती आतल्या खोलीत गेली.

"माझ्या गिटारीला हात लावलास?"

मनोहर कुशीवर वळला. "मी? त्या भंगाराला? मला काय दुसरे धंदे नाहीत?"

तिनं सुई त्याच्या नाकासमोर धरली.

"हे काय मग? गिटारीला पाळी आली?"

"तोंड सांभाळ!" तो उठून बसला.

स्वयंपाकघराच्या दारात कुसुमवहिनी उभी होती. हात पिठाचे. "अहो, लावलंत की," ती म्हणाली. "नवमीला. मी पाहिलं ना. मी म्हटलंसुद्धा, की तिला विचारा एकदा."

मनोहरनं बायकोकडे असं पाहिलं, की तिनं दार सोडलं आणि आत गेली.

कारखान्यात पूजेच्या दिवशी एक रीत होती. प्रत्येक मशीनला हार घालायचा आणि जिथं जिथं काही फिरतं, सरकतं, तिथं तिथं तेलात बुडवलेलं कुंकवाचं बोट टेकवायचं. मनोहरनं वर्षानुवर्षं लेथ मशीनी तशाच पुजल्या. खंडेनवमीला घरी मोजमापाचा व्हर्नियर, कानस, कुसुमवहिनीचं शिलाई मशीन मांडून त्यांनाही बोट लावलं. आणि मग कोपऱ्यातल्या गिटारीला. तारा कुठून सरकतात ते त्यानं बरोबर शोधून काढलं होतं. इन्स्पेक्टर होता ना. सहाच्या सहा खाचांत बोट टेकवलं.

"लावलं तर लावलं," तो म्हणाला. "देवाचं लावलं. विष लावलं काय? घरात अवजार बिनपूजेचं राहू द्यायचं आणि मग अपघात झाला की रडायचं?"

वैजयंतीनं सुई खाली घेतली.

"अवजार?" ती म्हणाली. "इतकी वर्षं खेळणं म्हणत होतास. चार माणसांत डबडं म्हणालास. आणि देवापुढं अवजार? मग मला का नाही सांगितलंस कधी?"

उत्तर नसलं की मनोहर पाना उचलायचा. त्यानं पलंगाखालची पेटी ओढली.

"आण इकडे. ती दांडी काढून ब्रिज घट्ट आवळून टाकतो. हलतं तेच बिघडतं. हलूच द्यायचं नाही."

"हात लावलास तर बोटं मोडीन."

"कुणाशी बोलतेस?"

"तुझ्याशीच. दुसरं कोण आहे इथं खाचेत कुंकू कोंबणारं?"

पाना हातात धरून तो उभाच राहिला. ती वळली. भिंतीवरच्या खुंटीला त्याचा कारखान्याचा शर्ट होता, खिशात मऊ शिशाची पेन्सिल, मालावर खुणा करायची. तिनं काढून घेतली.

"ती कारखान्याची आहे!"

"कारखान्याचं तेल चाललं, पेन्सिल नाही चालत?"

बाहेरच्या खोलीत बसून तिनं एकेक खाच कोरली, रॉकेलच्या बोळ्यानं पुसली, पुन्हा कोरली. मग प्रत्येक खाचेत पेन्सिल घासली. शिसं गुळगुळीत असतं, तार त्यावरून अडत नाही. तारा चढवल्या. दांडी दाबली, सोडली. सूर गेला तसा घरी परत आला. तिनं पुन्हा दाबली, मुद्दाम जोरात. आतून मनोहर ओरडला नाही.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये तिघे परीक्षक. मधल्याला गिटार दिसताच कंटाळा आला.

"मैडम, ये डंडा सुर बिगाड़ता है. बिना इसके बजाइए."

"सर, मैं इसी के लिए आई हूँ."

तिनं मींड घेतली. सूर खाली ओघळला, तळाला थांबला, वर आला आणि नेमका जागेवर बसला. परीक्षकानं हार्मोनियमवर तोच सूर दाबून पडताळला. मग म्हणाला, "फिर से." तिनं पुन्हा घेतली. तो पुढं झुकून ऐकू लागला.

नोकरी लागली. जबलपूरला.

बातमी आली त्या रविवारी मनोहरनं पेढे वाटले. सोनागिरीहून दिगंबरकाका आले, शेजारचे आले. मनोहर खुर्चीत पुढं सरकून सांगत होता.

"काका, खंडेनवमीला मी स्वतः, या हातानं, गिटारीला कुंकू लावलं. म्हटलं, पोरीचं अवजार आहे. देव पावतोच."

"वा! भाऊ असावा तर असा," काका म्हणाले.

वैजयंती ताट घेऊन उभी होती. वहिनीनं तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नको, आज नको.

"काका, त्याच कुंकवानं माझी नोकरी जात होती," वैजयंती म्हणाली. "सुईनं कोरून काढलं, तेव्हा लागली."

काकांनी हातातला अर्धा पेढा तिच्या ताटात परत ठेवला.

"माझ्या घरात, माझ्या पाहुण्यांसमोर..." मनोहरचा आवाज फाटला.

"तुझंच घर. म्हणून तर चालले."

तिनं ताट टीपॉयवर ठेवलं. कमरेला खोचलेलं पेन्सिलीचं थोटूक काढून त्याच्यापुढं टाकलं.

"कारखान्याची आहे," ती म्हणाली. "जमा कर."