गुंडू महाराजांची म्हैस

आखाडी जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता उचगावात गुंडू महाराजांच्या गोठ्यापुढं जेवढी गर्दी होती, तेवढी गावच्या देवळातसुद्धा नव्हती. कुणी डोक्याला रुमाल करकचून आवळला होता, कुणी भिंतीला कपाळ टेकून उभा होता, कुणी गटारीवर वाकला होता. आदल्या दिवशीचं मटण आणि त्याच्याबरोबरची दारू प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होती. एकेक जण आत जायचा, पेलाभर दूध प्यायचा आणि बाहेर येऊन बसायचा. अर्ध्या तासात गडी माणसात यायचा. डोकं दुखायचं थांबलेलं, हाताचं कापरं गेलेलं. मग तो म्हशीच्या पाया पडून कामाला जायचा. होय, म्हशीच्याच.

समोर धार काढून घेतलेलं दूध तिथंच उभ्यानं पिणं यात कोल्हापूरकराला काही नवल नाही. डोळ्यांदेखत काढलेल्या दुधात भेसळ नसते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. गुंडूनं आपलं सगळं दुकान त्याच भरवशावर मांडलं होतं.

"ही म्हैस जोतिबाच्या डोंगरावर चरल्याली हाय," तो सांगायचा. "हिच्या दुधात दारूचं इख वढून घ्यायची ताकद हाय. बगा पावणं, माझा हात बगा, सड बगा. हाय का कुठं लबाडी?"

सगळे वाकून बघायचे. सगळ्यांत जास्त वाकून बघायची ती क्रांती. तिच्या माहेरी आठ म्हशी होत्या. गवळी कुठल्या बोटानं काय करतो, हे तिला झोपेतही कळलं असतं. तिनं हात बघितला, कास बघितली, धार बघितली. सगळं चोख होतं, आणि त्यामुळं तिचा विश्वास इतरांपेक्षा घट्ट बसला.

तिचा नवरा कृष्णात फौंड्रीत, लोखंड वितळवायच्या भट्टीवर कामाला होता. रोज प्यायचा, आणि सकाळी अंथरुणातून उठायचा नाही. खाडे इतके झाले की साहेबानं शेवटची ताकीद दिली. तेव्हा क्रांतीनंच त्याला दंडाला धरून गुंडूकडं आणला. पहिला पेला पिऊन तो कामावर गेला, तेव्हा तिनं गुंडूपुढं नारळ ठेवला आणि घरी येऊन समाधानानं रडली.

पुढं काय झालं ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. सकाळची यातना हा कृष्णातच्या पिण्याला असलेला एकुलता एक लगाम होता, तो सुटला. एका बाटलीच्या दोन झाल्या. जत्रेचा दिवस असो नसो, रोज सकाळी तो गोठ्यावर जाऊ लागला, कधी कधी दोन पेले पिऊ लागला. क्रांती काही बोलली की म्हणायचा, म्हैस हाय की, तुला काय काळजी? दिवाळीपर्यंत त्याची भूक मेली, पायावर सूज आली, आणि एके दिवशी त्याचे डोळे हळदीसारखे दिसले.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या डॉक्टर ऐश्वर्या पाटील यांनी त्याला बघितलं आणि त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात भरती केलं. दुसऱ्या दिवशी रक्ताचे कागद आले. डॉक्टर क्रांतीला बाजूला घेऊन बसल्या. दारूनं यकृत आधीच खराब झालंय, त्यावर वेदनेच्या गोळ्यांचा मोठा डोस रोज पडतोय, रक्तात त्या गोळ्यांचं औषध सापडलंय, असं त्यांनी समजावलं. कुठल्या गोळ्या घेतात हे?

"एक बी न्हाय," क्रांती म्हणाली. "दूध तेवढं पित्यात."

"कसलं दूध?"

क्रांतीनं सगळं सांगितलं. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पेला कुणाचा असतो?"

पेला गुंडूचा असायचा. तळाशी चिमूटभर अंगारा आणि गुळाचा खडा घालून तो हातात द्यायचा, आणि त्यावर धार पडायची. इतक्या दिवसांत तिनं दुधाकडं बघितलं होतं, पेल्यात एकदाही वाकून बघितलं नव्हतं. गवळ्याची पोर होती ना ती.

सकाळी ती एकटीच गोठ्यावर गेली. आजाऱ्यासाठी न्यायचंय म्हणून पेला मागून घेतला. गुंडू म्हशीखाली बसला आणि तिनं पेला पुढं करण्याऐवजी आपल्या तळहातावर पालथा केला. राख पडली, गूळ पडला, बरीचशी पांढरी भुकटी पडली, आणि त्यात न कुटलेला अर्धा तुकडा होता. त्याच्या कडेला मोडायची सरळ रेघ होती. अशी रेघ कारखान्यात पडते. तिनं हात सगळ्यांपुढं फिरवला.

"ह्यो देव न्हवं," ती म्हणाली. "डोकेदुखीच्या गोळ्या हाईत. माझा नवरा ह्यापायी मराय लागलाय."

गुंडू उठलासुद्धा नाही. दवा घातली तर काय पाप केलं, म्हणाला, लोकांची डोकी थांबत्यात न्हवं? रांगेत केरबा होता, फौंड्रीत कृष्णातच्याच भट्टीवर काम करणारा. तो कपाळ दाबत म्हणाला, "वैनी, जरा सरा की बाजूला. म्हैस खोळंबलीया."

आणि रांग पुढं सरकली. फसवणूक उघडी पडली की लोक चिडून उठतात, असं आपल्याला वाटतं. तिथं कुणीही उठलं नाही. फसवून घ्यायची इतकी गरज झाली होती त्यांना.

डॉक्टरांनी तक्रार केली. आठवड्यानं गोठ्याला कुलूप लागलं. कुटलेल्या गोळ्यांचा डबा सापडला, त्यात कापरं दाबणाऱ्या झोपेच्या गोळ्याही होत्या. कृष्णात कुलूप लागायच्या दोन दिवस आधी गेला. बेचाळीस वर्षांचा होता.

कृष्णातच्या दिवसकार्याच्या जेवणाला केरबा आला. त्याचे हात थरथरत होते. महाराज आता कुठं बसतात, हे त्यानं क्रांतीला हळूच विचारलं.

"भावजी, डॉक्टरीणबाईंनी मला सांगिटलंय त्येच सांगते," ती म्हणाली. "रातच्या दारूवर सकाळचा मंतर न्हाय. पाणी प्यायचं, दोन घास खायचं, पडून ऱ्हायचं, वेळ जाऊ द्यायचा. कमी प्याला तर कमी दुखंल, न्हाय प्याला तर न्हाय दुखणार. मनानं गोळी घ्यायची न्हाय. आणि रोज पिणाऱ्याचं हात कापाय लागलं तर ते साधं न्हवं, एकदम सोडली तरी जीवावर बेततंय. दवाखान्यात जायचं. चला, मी येते संगं."

केरबा म्हणाला, उद्या जाऊ.

"ह्यांस्नी मी दंडाला धरून तिकडं न्हेलं," क्रांती म्हणाली. "कुणी फसवून न्हेलं न्हाय मला. मी इचारलंच न्हाय, पेल्यात काय हाय म्हणून. तुमी इचारा. देव असला तरी इचारा."

तिनं पायात चप्पल घातली आणि ती दारात उभी राहिली. आत पंगत वाढली होती. केरबा उठला नाही.