सातव्या चुलीची कढई

मी एक जुनी बिडाची कढई आहे. मित्रांनो, जुनी म्हटलं म्हणून लगेच मोडीत काढू नका हं. अजून रोज चुलीवर चढते मी. दक्षिणेतल्या फोशान गावच्या भट्टीत माझा जन्म झाला. तिथून बोटीने, कालव्याकालव्याने मी राजधानीत आले आणि थेट बादशहाच्या मुदपाकखान्यात लागले.

मुदपाकखाना म्हणजे एक खोली नव्हे. मधोमध विहीर, भोवती अंगण आणि चहूबाजूंना दालनं. मांसाचं दालन एका अंगाला, भाज्यांचं बरोबर समोर. भाताचं निराळं, गोडाधोडाचं निराळं, बदकं टांगून भाजायचं आणखी निराळं. एका दालनाचं भांडं दुसऱ्यात जायचं नाही. दर चुलीला तीन माणसं असत, एक शिजवणारा, एक चिरणारा आणि एक वरकामाचा. पदार्थाबरोबर शिजवणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी जाई, पण पदार्थ चुकला की वेताचे फटके तिघांनाही आणि तिघांचीही राजवाड्यातून हकालपट्टी.

मी मांसाच्या दालनात, सातव्या चुलीवर होते. माझा मालक फांग शिंगवू. माणूस तोंडाचा फटकळ, पण हाताचा मऊ. मी नवी असताना त्याने सात दिवस मला डुकराची चरबी चोळून तापवलं. पुढे आठ वर्षं तेच. मी अशी काळीभोर आणि तुकतुकीत झाले की अंडं फोडलं तर नुसतं घसरत जायचं. इतर चुलींवरचे आचारी मला बघायला येत, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता.

समोरच्या भाज्यांच्या दालनात येन शौचंग नावाचा म्हातारा आचारी होता. आईच्या आजारपणात तो नवस बोलला होता, तेव्हापासून तीस वर्षं त्याने मांसाला बोटही लावलं नव्हतं. फांग त्याला रोज विहिरीवर छेडायचा, "काय येनदादा, आज कुठल्या कुरणात चरणार?" तोही ऐकून घेणारा नव्हता. तुझ्या चरबीपेक्षा कुरण बरं, म्हणायचा.

दर वर्षी थंडीत, आकाशाच्या पूजेआधी बादशहाचे तीन दिवस सोवळ्याचे असत. मांस नाही, दारू नाही, कांदा-लसूणही नाही. मांसाचं दालन मोहोर लावून बंद व्हायचं. त्या वर्षी फांगने मला आत ठेवलं नाही. तीन दिवस कोंडली तर गंज धरेल, असं म्हणून तो मला घेऊन विहिरीच्या कट्ट्यावर ऊन खात बसला.

पहिल्याच दिवशी सकाळचं जेवण उरकलं आणि येनच्या दालनातून काड् असा आवाज आला. घाईघाईत त्याच्या वरकाम्याने तापल्या कढईत विहिरीचं गार पाणी ओतलं होतं. कढई काठापासून बुडापर्यंत तडकली. दुपारच्या जेवणाला येनच्या चुलीवरून टोफू आणि अळंब्यांचा रस्सा जायचा होता. दुसरी कढई काढायची तर कोठारातून शिक्का हवा, आणि शिक्क्याला दोन दिवस. बाकीच्या कढया आपापल्या चुलींवर अडकलेल्या.

येन कट्ट्यावर येऊन मटकन बसला. फांगने सवयीप्रमाणे कुरणाचं विचारलं. येनने उलट टोमणा न मारता तडकलेल्या कढईची गोष्ट काढली, तेव्हा फांगला कळलं की काहीतरी बिनसलंय. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने मला उचललं आणि येनपुढे ठेवलं.

"हिच्या अंगात आठ वर्षांचं डुक्कर मुरलंय, फांग," येन म्हणाला. "वाडग्याचं झाकण उघडताच वास येईल. तू पण मरशील."

"मग डुक्कर काढू की," फांग म्हणाला.

आणि मित्रांनो, त्याने मला विस्तवात उपडी घातली. मी लाल झाले. माझी आठ वर्षांची तुकतुकी धूर होऊन गेली. हळूहळू निवल्यावर त्याने मला वाळूने घासलं, मग राखेने, मग पुन्हा वाळूने. मला भयंकर राग आला होता, कबूल करते. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. विचारलं असतं तर धुराने आलं म्हणाला असता. मी भट्टीतून निघाले होते तशी राखाडी, उघडीबोडकी झाले.

पण उघड्या बिडाला टोफू चिकटतो. येनने आधी टोफू करून उरलेला चोथा माझ्यात परतला, टाकला, पुन्हा परतला. मग तिळाचं तेल फिरवलं. चिरणारा आणि वरकाम्या श्वास रोखून उभे होते. त्याने टोफू सोडला. एक तुकडा अडकला. येनने हलकेच हलवला, आणि तो सुटला.

दुपारी वाडगा परत आला. तीन घास कमी होते. बादशहा कशाचेही तीनच घास घेतो, त्याची आवड कुणाला कळू नये म्हणून. म्हणजे याहून मोठी शाबासकी त्या राजवाड्यात नव्हतीच. वरकाम्या तिथेच खाली बसून रडला.

तीन दिवसांनी मोहोर निघाली आणि फांगच्या वाट्याला आली मी, नवशिकी. मांस चिकटायचं, करपायचं. करपलेलं तो बाजूला काढायचा म्हणून अजून फटक्यांवर आलं नव्हतं, पण त्याच्या चिठ्ठीवर नापसंतीच्या खुणा येऊ लागल्या. मला चरबी चोळता चोळता त्याचे हात थकायचे.

मग एका सकाळी, चुली पेटायच्या आधी, येन अंगण ओलांडून आला. मांसाच्या दालनाचा उंबरा त्याने तीस वर्षांत ओलांडला नव्हता.

"दादा, नवस मोडेल तुमचा," फांग म्हणाला.

"खाणार नाहीये मी. आईला सांगितलंय, हाताला क्षमा कर," येन म्हणाला. त्याने बाह्या सारल्या, डुकराच्या चरबीचा गोळा उघड्या हातात घेतला आणि मला चोळू लागला.

वसंत येईपर्यंत तो रोज येत होता. मी पुन्हा काळी झाले, आधीपेक्षा काकणभर जास्तच.

मित्रांनो, बिडाच्या भांड्याला रोज तेलाचा हात लागतो. धुऊन ओलं टाकू नका, कोरडं करा, जरा चोळा. माझ्या अंगावर आजवर पुष्कळ हात फिरले. पण येनचा पहिल्या दिवशीचा तो चरबीने माखलेला हात फिरला, तेव्हा माझा राग गेला.