काही सापडले नाही

सल्लागार बाई पेनाचं टोक पडद्यावर टेकवत मोजत होत्या.

"एकोणतीस, तीस, एकतीस. एका परिच्छेदात एकतीस वेळा 'कात्री'. हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

धाकटीनं मान खाली घातली. "एका व्हिडिओत होतं. शब्द जितक्या वेळा लिहू तितकं शोधात पान वर येतं म्हणे."

"एवढ्या वेळा तर दुकानात येऊनही कोणी कात्री मागत नाही," थोरली धारेच्या चाकापाशी बसूनच म्हणाली.

कात्र्यांचा हा कारखाना वडिलांनी मागे ठेवलेला. दोघी बहिणींत बारा वर्षांचं अंतर. थोरली कात्र्या बनवायची, धाकटी विकायची. गेल्या वर्षी धाकटीनं हौसेनं वेबसाइट काढली, पण तिकडे फारसं कोणी फिरकत नव्हतं. अशात एका मोठ्या कपडे कारखान्यानं विचारलं होतं, की आमच्या कात्र्यांना वर्षभर धार लावून द्याल का. काम भरपूर होतं, पण तेवढंच. ते घेतलं तर नव्या कात्र्या बनवायला हात रिकामे राहिले नसते. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं आणि थोरलीचा होकार जवळजवळ ठरलेला होता. वेबसाइट सुधारायला या सल्लागार बाईंना बोलावणं हा धाकटीचा शेवटचा प्रयत्न होता.

तिनं प्रश्न कागदावर लिहून आणले होते. पहिलाच होता, शोधल्यावर आपलं नाव सगळ्यांच्या वर कधी दिसणार?

"छातीठोकपणे तारीख सांगणारा भेटला तर त्याला दारातूनच वाटेला लावा," बाई म्हणाल्या. "काही महिने जातात. तेही पानावर वाचण्यासारखं असेल तर."

"वर्णनं आहेत की."

"ती तुमची नाहीत." बाईंनी साइटवरचं एक वाक्य उचलून शोधून दाखवलं. तेच वाक्य तीसेक दुकानांच्या साइटवर शब्दशः निघालं. "'उच्च प्रतीच्या पोलादापासून बनवलेली, टिकाऊ व आकर्षक.' पोलाद देणाऱ्याच्या माहितीपत्रकातून घेतलंय ना? मग तुम्हालाच पुढे का करावं कोणी?"

धाकटीनं कागदाची घडी घातली, परत उलगडली.

"बरं, साइटवर आल्यावर लोक वरच्या शोधचौकटीत काय लिहितात, ते बघता का कधी?"

त्याची नोंद राहते हेच धाकटीला ठाऊक नव्हतं. बाईंनी यादी उघडली. 'शिंप्याची कात्री.' 'केस कापायची कात्री.' त्याखाली 'डाव्या हाताची कात्री.' 'डावखुरी कात्री.' 'डावऱ्या मुलीसाठी कात्री.' पुन्हा 'डाव्या हाताची.' वर्षभरात त्रेचाळीस वेळा, वेगवेगळ्या माणसांनी. आणि साइटनं प्रत्येकाला एकच उत्तर दिलं होतं, काही सापडले नाही.

चाकाचा आवाज थांबला. फडक्याला हात पुसत थोरली येऊन मागे उभी राहिली.

"परत दाखवा."

तिनं ओळीवर बोट ठेवून यादी सावकाश वाचली.

"आपण बनवतच नाही ना तसली," धाकटी म्हणाली. "पण आपल्या साध्या कात्रीची मूठ सरळ आहे. दोन्ही हातांना चालते असं लिहू का?"

"खोटं लिहू नकोस."

ते इतकं तोडून आलं की बाईंनीही वर पाहिलं.

"मूठ सरळ असून काय करायचंय? डाव्या हातात धरली की वरचं पातं नेमकं रेषेवर येतं. कुठे कापतोय तेच दिसत नाही. अंगठा दाबला की पाती एकमेकांना चिकटायच्या ऐवजी लांब सरकतात. कागद मध्येच दुमडतो. वर्गात सगळ्यांची फुलं कापून होतात आणि हिच्या हातात चघळल्यासारखा चोळामोळा. पोरीला वाटतं, आपल्यालाच जमत नाही."

बाई भराभर लिहून घेत होत्या. "थांबू नका ताई. हेच हवंय."

"हेच म्हणजे?"

"वर्णन."

थोरलीला ते पटलेलं दिसलं नाही, पण ती थांबलीही नाही. "अंगठ्याच्या मुळाशी फोड येतो. शिकवणाऱ्या बाई म्हणतात, कात्री नीट धर. नीट धर म्हणजे दुसऱ्या हातात धर."

"ताई, तुला कोणी सांगितलं हे सगळं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मी डावरी आहे."

"काहीतरीच. तू तर सगळं उजव्या…"

"कात्र्या बनवणाऱ्याची पोर आणि कात्री उलट्या हातात! बाबांना कानकोंडं व्हायचं. कोणी आलं की म्हणायचे, डावा हात पाठीमागे घे. दोन वर्षांत लागली सवय. तू जन्मलीस तोवर ते सगळं संपलं होतं." पोलादाचा कडकपणा सांगावा तसं ती सांगत होती.

धाकटी त्या हातांकडे बघत राहिली. जन्मापासून ते हात तिच्यासमोर होते.

"बाबांनी तुला उलटी कात्री बनवून का नाही दिली?"

"सुचलं नसेल." थोरलीनं फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाली, "मला तरी कुठे सुचलं? इतकी वर्षं मीच तर बनवतेय."

सोमवारी तिनं कपडे कारखान्याला फोन केला. आठवड्यातले तीन दिवस धार लावून देईन, जास्त नाही. पलीकडून बरीच कुरकुर झाली, पण शेवटी ते तयार झाले.

उलट्या कात्रीला पाच आठवडे लागले. पहिल्या चार भंगारात गेल्या, कारण हात सवयीनं पाती जुन्याच पद्धतीनं बसवायचे. पानावर थोरलीचे शब्द होते तसेच चढवले. बाईंनी फक्त दोन ठिकाणी विरामचिन्हं घातली.

दोन महिने काहीच हाललं नाही. तिसऱ्या महिन्यात ते पान शोधात सातवं आलं, मग चौथं. पहिलं काही आलं नाही. पण मागण्या यायला लागल्या. साठीच्या एका शिंप्यानं दोन मागवल्या. एका आईनं लिहिलं, 'मुलीला वाटतंय, आधीची कात्रीच बिघडलेली होती.' थोरलीनं ते दोनदा वाचायला लावलं आणि चाकापाशी जाऊन बसली.

एके दिवशी सकाळी धाकटी कारखान्यात आली तेव्हा थोरली आधीच कामाला लागलेली होती. वडिलांच्या काळापासून चाकाच्या डाव्या अंगाला असलेला दिवा तिनं काढून उजवीकडे बसवला होता. तिथून वायर पुरत नव्हती. ती जायच्या वाटेवर गुडघ्याएवढ्या उंचीवर ताणलेली होती. थोरली खाली मान घालून, डाव्या हातानं पातं चाकाला लावत होती. हात अजून नवखा होता. ठिणग्या एकसारख्या उडत नव्हत्या.

धाकटी वायर ओलांडून आपल्या टेबलाशी गेली, पिशवी ठेवली, आणि वायर ओलांडूनच परत बाहेर पडली. कोपऱ्यावरच्या विजेच्या सामानाच्या दुकानात जाऊन तिनं तीन मीटर वायर मागितली. दुकानदार कापायला लागला तेवढ्यात म्हणाली, "थांबा. पाच द्या. भिंतीच्या कडेनं न्यायचीय, कायमची."