पप्पांचा पलंग आणि वजनकाटा

अरे ऐका ना, आधी पूर्ण ऐका, मग हसा. आमची पांढरी व्हॅन आठवतीये ना, जिच्यातून आपण सगळे करिष्माच्या लग्नाला लातूरला गेलो होतो? तिचं आम्ही कॅम्पिंगचं घर करायला घेतलंय. म्हणजे मागच्या सगळ्या सीट काढायच्या, आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, आणि मावळात धरणाच्या मागं जायचं, जिथं शेवटचे दोन किलोमीटर नुसते दगडगोटे आहेत. कल्पना माझी, पण हात पप्पांचे.

पप्पांचं तुम्हाला माहितीच आहे. भोसरीला टूलरूममध्ये एकतीस वर्षं फिटर, दिवाळीच्या आधी कंपनीनं व्हीआरएस दिली आणि माणूस एकदम गप्पच झाला. सोफ्यावर बसायचे, टीव्ही चालू, पण बघत नव्हते राव, नुसतं तोंड तिकडं. आईनं भाजीत मीठ घातलं नाही तरी कळायचं नाही. मग मी मोबाइलवर असल्या गाड्या दाखवल्या, तर तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पप्पा व्हॅनमध्ये उकिडवे बसून टेपनं मापं घेतायत आणि चक्क गुणगुणतायत!

पण गंमत काय झाली माहितीये? एकतीस वर्षं त्यांनी जे हलू नये तेच बनवलंय. प्रेसखालची डाय, म्हणजे साचा, केसभर हलली की माल गेला. त्यामुळे पलंगाला लोखंडी अँगल घेतला सहा एमएमचा. मी म्हटलं, "पप्पा, तीनचा चालला असता."

"तीनचा अँगल खिडकीला लावत्यात, श्रद्धे. आपल्याला झोपायचंय."

इंजिनखाली दगड लागू नये म्हणून पत्रा घेतला, तो पाचचा. टपावरचा कॅरिअर तर असा की त्यावर दुसरी व्हॅन ठेवा. टायर मात्र जाड खाचांचे, मापातले घेतले, कारण आरटीओच्या बाबतीत पप्पा सरळ माणूस. शेजारचे गणराजदादा, हिंजवडीला कंपनीची कॅब चालवतात ते, रोज गल्लीतून जाताना थांबायचे. "काका, रणगाडा कधी निघतोय सीमेवर?" पप्पा खूश! पिंपळे गुरवच्या गल्लीत दोन महिने नुसत्या ठिणग्या.

आणि मग मागच्या सोमवारी गाडी झाली. पप्पांनी हात पुसले आणि मला म्हणाले, "आता तू बघ. पहिला पीस बनवणाऱ्यानं पास करायचा नसतो. तू क्वालिटीत हायेस ना चाकणला? तुझी सही झाल्याबिगर गाडी गल्लीबाहेर जायची न्हाई. शनवारी निघायचंय."

मी मागून वाकून एक नजर टाकली. मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, वजनानं सरळ झोपलेले. रिकाम्या गाडीचे! म्हटलं, "उद्या बघते." मंगळवारी म्हटलं ओव्हरटाइम. बुधवारी डोकं दुखतंय. मला दिसत होतं ना, मी नाही म्हटलं की माणूस परत सोफ्यावर जाणार. आणि हो म्हटलं तर त्या दगडात, उतारावर, आई मागं बसलेली असताना पाटा तुटला तर?

आईला सगळं कळलं. स्वयंपाकघरात मला कोपऱ्यात घेतलं. "माणूस हसायलाय घरात. कर की सही, तुझं काय जातंय?"

"आई, तूच बसणार आहेस त्यात."

"मी बसते की. हळू चालवा म्हणावं."

आता सांगा, काय करायचं? गुरुवारी माझी सुट्टी होती. पेट्रोल भरून आणते म्हटलं आणि व्हॅन घेऊन थेट चाकण रोडला ट्रकवाल्यांच्या वजनकाट्यावर गेले. वाटेत पहिल्याच स्पीडब्रेकरला खालचा पत्रा असा खर्रर्र घासला की मागचा रिक्षावाला ओरडला, "ताई, काहीतरी सांडलं!" काट्यावर दोन कंटेनरच्या मधे माझी व्हॅन. काटेवाला म्हणतो, "माल काय आहे?" मी म्हटलं, "पलंग."

गाडीच्या पुस्तकात रिकामं वजन नऊशे चाळीस किलो. चिठ्ठीवर आलं बाराशे तीस. ते पण सीट काढून! अजून आम्ही तिघं, पाणी, गॅस, गाद्या बाकीच. हे सगळं धरलं की गाडीला झेपतं त्याच्या वर जातंय.

परत आले तर पप्पा गेटवर उभे. मी काही बोलायच्या आधीच हात पुढं केला. "चिठ्ठी दाव."

"कसली चिठ्ठी?"

"पेट्रोलपंप कोपऱ्यावर हाय. दीड तास लागत न्हाई त्याला."

दिली. त्यांनी चष्मा लावून वाचली. परत वाचली. "किती उतरवावं लागंल?"

"दीडशे किलो तरी."

"म्हंजे नापास."

मी मानेनंच हो म्हटलं. पप्पा आत गेले आणि टीव्हीचा आवाज आला. आई दारातून माझ्याकडं अशी बघत होती की मी पायरीवरच बसले, आत जायची हिंमत नव्हती. दहा मिनिटं, वीस मिनिटं. बातम्या चालू, जाहिराती चालू.

आणि मग पप्पा बाहेर आले. टीव्ही तसाच चालू, कानामागं खडू खोचलेला. आईचा हात धरून तिला व्हॅनपाशी आणलं. "चढ. आडवी हो पलंगावर."

"अहो, भरदुपारी? लोकं बघायलेत!"

"बघू दे. तुझं वजन कुठं कुठं पडतंय ते मला कळूंदे. जिथं पडत न्हाई तिथलं लोखंड फुकट गाडीत बसलंय. ते काढायचं."

आई पदर सावरत आडवी झाली. पप्पा पलंगाखाली मुंडी घालून वाकलेले, अँगलवर खडूनं फुल्या. "आता कुशीवर. आता पाय पोटाशी घे." गणराजदादा नेमके तेव्हाच आले. "काका, काय चाललंय?"

"तपासणी," पप्पा खालून म्हणाले. "आमची लेक लई कडक हाय. तिनं नापास केलंय."

आणि राव, ते सांगताना आवाजात काय होतं ना, मला ते तुम्हाला करून दाखवता येणार नाही. गणराजदादांनी माझ्याकडं बघून भुवया उडवल्या.

"पप्पा, शनिवार गेला आता," मी म्हटलं.

"शनवार काय, परत येतोय. तीनचा अँगल कुठं मिळंल बघ तेवढं."

फुल्या मारून झाल्या. ड्रिल जोडलं, वायर घरातून ओढून आणली, आणि पप्पा पलंगाकडं वळले तर आईचा डोळा लागलेला. एक हात उशाला, तोंड थोडं उघडं. मी हाक मारणार तर पप्पांनी ओठावर बोट ठेवलं. ड्रिल मांडीवर घेऊन ते पायरीवर माझ्याशेजारी टेकले, आणि आई उठेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.