पेंडलबींची शार्लट आणि पान चारशे सतरा

"अहो, हे पत्र तुम्हीच तुम्हाला पाठवलंय," उल्काताई दारातूनच म्हणाल्या. "एवढंच राहिलं होतं."

दिगंबरपंतांनी चष्मा चढवून पाकीट पाहिलं. अक्षर त्यांचंच. पत्ता त्यांच्याच घराचा, बिबवेवाडीचा. तिकिटंही त्यांनीच चिकटवलेली आणि त्यांवर पुण्याचा शिक्का. पाच महिन्यांपूर्वी हेच पाकीट त्यांनी उत्तरासाठी म्हणून इंग्लंडला धाडलं होतं.

"इंग्लंडचं पत्र पुण्यातून आलं?" पंत पुटपुटले आणि कात्री शोधू लागले.

रेकॉर्ड खात्यातून निवृत्त झाल्यावर पंतांनी आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत संपादित केला होता. नऊशे पानं, पंधरा पिढ्या. त्यालाही अकरा वर्षं झाली. पुढे हाताला काम उरलं नाही आणि रिकाम्या माणसाचं लक्ष स्वयंपाकघरात जातं, ही उल्काताईंची तक्रार होती. गेल्या वर्षी रद्दीच्या दुकानात त्यांना एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ सापडला, पेंडलबी नावाच्या उमराव घराण्याचा इतिहास. उल्काताईंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

घराणं मोठं नामांकित. मूळ पुरुषाने पळणाऱ्या राजाला आपला घोडा दिला आणि त्या बदल्यात सात गावं मिळवली. एक पेंडलबी आरमाराचा सेनापती झाला. त्याला जन्मभर बोट लागत असे. एक बिशप झाला, पण नाव काढलं ते त्याच्या डुकरांनी, दर प्रदर्शनात पहिलं बक्षीस. एका लॉर्डाने दोनशे घड्याळं जमवली आणि स्वतःच्या लग्नाला उशिरा पोहोचला. पंत रोज जेवताना उल्काताईंना एकेकाची हकीकत सांगत. बिशपाच्या डुकरांवर उल्काताईंचा विशेष लोभ जडला.

पण पंतांमधला संपादक अस्वस्थ होता. "अगं, सुनांची माहेरं नाहीत, मुलींची सासरं नाहीत. कुणाचा स्वभाव दिलेला नाही. एवढे लॉर्ड म्हणवतात आणि वृत्तांत हा असा!"

शेवटी त्यांनी आपल्या कुलवृत्तांताचा छापील फॉर्म इंग्रजीत उतरवला. मूळ गाव, कुलदैवत, शिक्षण, कर्तृत्व, स्वभाव, मुलींची सासरकडील नावे, माहिती देणाऱ्याची सही. तो त्यांनी ग्रंथातल्या वाड्याच्या पत्त्यावर पाठवला. भाऊबंदांना फॉर्म धाडताना तिकीट लावलेलं परतीचं पाकीट जोडायचं, ही त्यांची जुनी शिस्त. आपली तिकिटं इंग्लंडात चालत नाहीत, हे त्या शिस्तीत त्यांच्या ध्यानीमनीही आलं नाही.

फॉर्मबरोबर एकच खास प्रश्न होता. तिसऱ्या लॉर्डाची धाकटी मुलगी शार्लट. ग्रंथात तिच्यापुढे एवढंच होतं: 'अठराशे त्रेचाळीस साली घर सोडले. पुढील माहिती उपलब्ध नाही.' पंतांनी या ओळीखाली लाल रेघ मारली होती. का मारली, ते उल्काताईंना ठाऊक होतं.

पाकिटातून भरलेला फॉर्म निघाला आणि लेडी हॅरिएट पेंडलबी यांचं पत्र. पंत मोठ्याने मराठीत सांगू लागले.

"म्हणते, 'तुमची तिकिटं सुंदर आहेत, पण आमच्या पोस्टमास्तरांनी ती नाकारली. तिकिटं वाया जाऊ नयेत म्हणून मी हे पाकीट माझ्या नातीकडे देत आहे. ती मैत्रिणीच्या लग्नाला पुण्यास येते आहे, ती तिथल्या पेटीत टाकील.'"

"बाई व्यवहारी आहे," उल्काताई म्हणाल्या. "कुलदैवत काय लिहिलंय?"

"घोडे. 'असे आमच्या वागण्यावरून वाटते.'"

"आणि स्वभाव?"

"'हट्टी. सर्व पिढ्या.'" पंत खो खो हसले. मग त्यांनी पान उलटलं आणि त्यांचा आवाज खाली आला. "'शार्लटबद्दल विचारणारे तुम्ही पहिलेच. तिने आमच्या बागेतल्या माळ्याशी लग्न केले आणि दोन मैलांवर सुखाने संसार केला. तिचा मध वाड्यावर येत असे आणि तो सगळे खात असत. ग्रंथ माझ्या आजोबांनी लिहिला. माहिती उपलब्ध होती. त्यांना ती नको होती.'"

पंतांनी पत्राची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

"रिक्षा बोलावू?" उल्काताईंनी विचारलं. "हडपसरसाठी?"

पंतांची धाकटी बहीण कादंबरी. चाळीस वर्षांपूर्वी तिने हडपसरच्या एका शेतकऱ्याच्या मुलाशी, साईनाथशी, लग्न केलं. वडिलांनी नाव टाकलं. ते गेल्यावर येणंजाणं सुरू झालं, भाऊबीजही चुकत नव्हती. पण कुलवृत्तांत छापायच्या वेळी घराण्याच्या मंडळातले वडीलधारे अडून बसले आणि संपादकांनी स्वतःच्या हाताने सख्ख्या बहिणीपुढे लिहिलं, 'माहिती उपलब्ध नाही.' ती त्याविषयी चकार शब्द बोलली नाही. पंतांना अकरा वर्षं त्याचीच लाज वाटत होती.

पंतांनी एक कोरा फॉर्म घेतला आणि दोघं निघाली. हडपसरला कालव्यापाशी कुठली गल्ली, याबद्दल नवराबायकोत मतभेद झाले.

रिक्षावाल्याने मान वळवली. "कादंबरीबाईंकडं का? मग सांगा की तसं! सतराचा पाढा येईना म्हणून हिथंच उन्हात हुबं केलं व्हतं मला."

"आला का मग?" पंतांनी विचारलं.

"झोपेत बी येतो," रिक्षावाला अभिमानाने म्हणाला.

उल्काताईंनी पंतांकडे पाहिलं. पंतांनी बाहेर पाहिलं.

कादंबरीबाई अंगणात मेथी निवडत होत्या. "दादा? आज कुठली भाऊबीज काढलीस?"

पंतांनी वाटेत चार वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही आठवेना. त्यांनी फॉर्म पुढे केला. "हा भरायचा राहिला होता. चूक माझी होती, कादंबरी. घाबरलो मी मंडळाला."

साईनाथ आत गेले आणि खाकी कव्हर घातलेला कुलवृत्तांत घेऊन आले. "छापून आल्या आल्या आनलाय हिनं. कपाटात हाय तवापास्नं."

"पान चारशे सतरा," कादंबरीबाई म्हणाल्या. "पाढ्यासारखं पाठ आहे." त्यांनी डोळ्यांना पदर लावला, मग त्याच पदराने चष्मा पुसला. "पेन आण. आणि स्वभाव मीच लिहायचा की संपादक मंडळ ठरवणार?"

"तू सांग, मी लिहितो."

"शांत आणि प्रेमळ."

"खोटी माहिती छापत न्हाईत," साईनाथ म्हणाले आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसले.

फॉर्म भरायला दुपार गेली. कर्तृत्वाच्या रकान्यात एकतीस वर्षं गणित शिकवल्याचं आलं, अर्ध्या हडपसरचे पाढे आले आणि पंचक्रोशीत पहिला ट्रॅक्टर चालवणारी बाई हेही आलं. जागा पुरेना म्हणून मागे कागद जोडावा लागला. मध्येच पंतांनी शार्लटची हकीकत सांगितली.

"सासर चांगलं मिळालं म्हनायचं पोरीला," साईनाथ समाधानाने म्हणाले.

पुढच्या रविवारी कादंबरीबाईंच्या ओसरीवर छापील शुद्धिपत्रकांचा गठ्ठा पडला होता. उल्काताई भाऊबंदांच्या पाकिटांवर पत्ते घालत होत्या. एक पाकीट इंग्लंडचं होतं. त्यातलं परतीचं पाकीट त्यांनी हळूच काढून ठेवलं. शुद्धिपत्रकाचा मजकूर पंतांनी स्वतः लिहिला होता, मंडळाला न विचारता:

'पान ४१७ वर "माहिती उपलब्ध नाही" असे छापले आहे. माहिती उपलब्ध होती. ती पुढीलप्रमाणे. – संपादक.'

खाली पूर्ण एक पान कादंबरी होती.

कादंबरीबाईंनी ते दोनदा वाचलं. मग गव्हाच्या पिठाची खळ केली, आपल्या प्रतीत ते पान नीट चिकटवलं, अंगठ्याने कडा दाबल्या आणि सुरकुती पडू नये म्हणून ग्रंथावर पोळपाट ठेवला.

जेवणं झाल्यावर त्यांनी तो उचलून पाहिलं. पान सपाट बसलं होतं.

"आण इकडे पोळपाट," उल्काताई म्हणाल्या. "संध्याकाळच्या पोळ्या मी करते. तू वाच."