पोटातली हळद

नाना पेठेत रियाजभाईंच्या दुकानाच्या दाराशी तारेने टांगलेला, पोट उघडे पडलेला एक सांगाडा दिसतो. तो मी. मित्रांनो, मी एक जुना रेडिएटर आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी मला कधी नीट पाहिले नसेल. गाडीत मी पुढच्या जाळीच्या मागे बसतो आणि गाडी नीट चालत असेपर्यंत माझी कोणाला आठवण होत नाही.

माझा जन्म भोसरीच्या एका कारखान्यात झाला. परदेशी कंपन्या नुकत्याच देशात येऊ लागल्या होत्या आणि रस्त्यांवर नव्या गाड्या दिसू लागल्या होत्या. मला पितळेच्या दोन टाक्या दिल्या, एक वर आणि एक खाली. त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या चपट्या नळ्या दिल्या. नळ्या इतक्या अरुंद की पोस्टकार्डाची कड जेमतेम आत जावी. बशीतला चहा कपातल्या चहापेक्षा लवकर निवतो, हे तुम्ही पाहिले असेल. माझे काम तसेच. इंजिनाकडून तापलेले पाणी यायचे, मी ते नळ्यांमधून पातळ पसरवायचो, समोरून आलेला वारा त्याची उष्णता घेऊन जायचा आणि निवलेले पाणी पुन्हा इंजिनाकडे परतायचे. अरुंद असणे हाच माझा गुण होता.

मला एका पांढऱ्या जीपमध्ये बसवले. ती उत्तरेश्वरने घेतली. उत्तरेश्वर कळंबकडचा. गावाकडे पाण्याची ओढाताण, म्हणून बायको दुर्गाबाई आणि लहानगी राजनंदिनी यांना घेऊन तो पुण्यात आला होता. पहिली काही वर्षे आम्ही स्वारगेटहून भोरपर्यंत प्रवासी नेत असू. कात्रजच्या चढावर इतर गाड्या बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या असायच्या. आमची गाडी त्यांच्या शेजारून सरळ वर जायची. घाटमाथ्यावर उत्तरेश्वर बॉनेटवर थाप मारून म्हणायचा, "गार डोक्याची हाय माझी गाडी."

ती थाप मला आतपर्यंत पोहोचायची. दसऱ्याला दुर्गाबाई बॉनेटला हळदकुंकू लावायच्या आणि जाळीत झेंडूची माळ अडकवायच्या. तेव्हा हळद बाहेरून लागायची.

मग हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. तिथल्या एका कचेरीत माणसे परदेशातल्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलत. त्या कचेरीला सुटी ठाऊक नव्हती, रविवार नव्हता, दिवाळी नव्हती. तिथल्या मुलामुलींना घरून आणण्याची आणि पोहोचवण्याची ड्यूटी उत्तरेश्वरला मिळाली. त्या ड्यूटीवर त्याने पुण्यात जरा बरी खोली धरली आणि राजनंदिनीचे नाव चांगल्या शाळेत घातले. गाडी एक दिवस चुकली की तिच्या जागी दुसरी लागायची. घरातली सगळी घडी त्या एका ड्यूटीवर बसली होती, आणि ड्यूटी माझ्यावर.

हिंजवडीच्या वाटेवर वाकडच्या खड्ड्यांनी एके दिवशी माझ्या खालच्या टाकीचा जोड उकलला. केसाएवढी फट पडली. तिच्यातून थेंब येऊ लागला.

थेंब पडणे हीच माझी भाषा होती, मित्रांनो. मला दुसरी भाषा दिलेली नाही.

उत्तरेश्वर मला घेऊन रियाजभाईंकडे आला. रियाजभाई गाडीखाली वाकले, बोटाने जोड चाचपला आणि फडक्याला हात पुसत म्हणाले, "छोटं काम आहे. पण उतरवावा लागेल. टाकी उघडतो, नळ्या साफ करतो, जोड कथील लावून नव्याने झाळतो. दोन दिवस ठेवून जा."

"दोन दिवस? तोवर ड्यूटी दुसऱ्याच्या गाडीला जाईल, भाई."

"मग जेव्हा सवड मिळेल तेव्हा या. पण तो तुमची सवड बघून गळणार नाही."

उत्तरेश्वर हसला आणि निघाला. पुढच्या महिन्यात येतो, असे तो म्हणाला. तो खोटे बोलत नव्हता.

हिंजवडीच्या त्या इमारतीचे पार्किंग घराच्या ओसरीसारखे स्वच्छ होते. तिथल्या फरशीवर माझ्या थेंबांचा गंजकट डाग पडला. संभाजीराव नावाचे सुपरवायझर छत्रीच्या टोकाने तो डाग दाखवत म्हणाले, "ही गाडी आपली का? की आपण रांगोळीचा क्लास काढलाय?"

"पाणी हाय साहेब, तेल नाही."

"आम्ही प्यायला घेत नाही आहोत. पुन्हा डाग दिसला तर गाडी गेटाबाहेर. मला वरून विचारतात."

त्या संध्याकाळी उत्तरेश्वर घराशी गाडी लावून बॉनेटलाच टेकून उभा राहिला. दुर्गाबाईंनी कारण विचारले. ते ऐकून त्या म्हणाल्या, "अहो, स्टँडवरचे डायवर हळद घालत्यात म्हणून तुम्हीच सांगितलं होतं की."

"घालत्यात. पण घाटात अडकल्यावर. घर गाठेस्तोवर."

"तुमचं बोट कापलं तेव्हा मी काय केलं? हळदच दाबली. थांबलं का नाही रगत?"

"थांबलं."

"मग? पत्र्याला काय निराळं असतंय?"

त्यांनी गावाहून आणलेल्या, घरी कुटलेल्या हळदीतून ओंजळभर काढून कागदात बांधून दिली. तिच्यात नवऱ्याची काळजी होती, घराची होती. मीही त्या काळजीतलाच एक होतो. हे मला कळत होते, आणि म्हणूनच सांगताना मला जड जाते.

सकाळी त्याने माझे झाकण उघडून हळद ओतली. गरम पाण्यात ती शिजली, फुगली आणि पाण्याबरोबर फिरत फिरत त्या फटीपाशी जाऊन बसली. थेंब थांबला. उत्तरेश्वरने गाडीखाली वाकून कोरडी फरशी पाहिली आणि कितीतरी दिवसांनी शीळ घातली.

पण सगळी हळद फटीत मावत नाही. उरलेली माझ्या नळ्यांमधून फिरत राहिली. फट अरुंद होती, नळ्याही अरुंद होत्या. भोक कोणते आणि वाट कोणती, हे हळदीला कळत नाही. जिथे अडचण दिसेल तिथे ती बसते. कडेच्या काही नळ्या तेव्हाच बुजल्या. मी ते कोणाला सांगणार? माझे तोंड नुकतेच प्रेमाने बंद केले होते.

काही आठवड्यांनी फट पुन्हा ओलावली. या वेळी फरशीवर पिवळा डाग पडला. संभाजीरावांनी तो बराच वेळ न्याहाळला.

"काय हो, लग्न ठरलं वाटतं गाडीचं? पत्रिका नाही आली आम्हाला."

गाडीतून उतरणारी मुले हसली. उत्तरेश्वरही हसला, पण त्याचा हात दारावर घट्ट होता. "उद्या गाडी कोरडी आणा, नाहीतर आणू नका," संभाजीराव म्हणाले. आता त्यांच्या आवाजात विनोद नव्हता.

परतताना त्याने एका दुकानातून गळती बंद करणारी बाटली घेतली. बाटलीवर लिहिले होते की औषध घालण्यापूर्वी रेडिएटर धुऊन घ्यावा आणि अर्धीच बाटली वापरावी. अक्षरे इंग्रजी आणि मुंगीएवढी होती. दुकानदार म्हणाला, "ओता बिनधास्त." उत्तरेश्वरने आधीच्या हळदीवर अख्खी बाटली ओतली, आणि खात्री असावी म्हणून दुसरीही.

बाटली आपल्या कामात खोटी नव्हती. फट दगडासारखी मिटली. फरशी कोरडी राहिली आणि संभाजीरावांनी मान हलवली. सगळे समाधानी झाले. आत मात्र हळदीचा लगदा आणि बाटलीतली भुकटी एकमेकांना धरून बसली. निम्म्याहून अधिक नळ्यांतून पाणी जाईनासे झाले. इंजिनाकडून उकळते पाणी यायचे आणि मी ते जवळजवळ तसेच परत पाठवायचो. इंजिन माझा जन्माचा सोबती. त्याला वाटत असेल की मी काम टाळतो आहे.

मे महिन्यातली ती सकाळ होती. वाकडच्या पुलाच्या अलीकडे गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. गाडी थांबली की वारा थांबतो, आणि वारा थांबला की माझ्यासारख्या अर्ध्या बुजलेल्याकडे काहीच उरत नाही. पुढच्या सीटवर श्रद्धा बसली होती. ती त्या कचेरीत नव्याने लागली होती आणि रोज पुढेच बसायची.

"काका, तो टेंपरेचरचा काटा रेडमध्ये गेलाय."

"बघतोय, ताई. जरा पुढं सरकलो की वारा लागंल."

"थांबवायची का गाडी? लेट झालं तर मी सांगते वर."

उत्तरेश्वरने आरशात मागच्यांकडे पाहिले. सगळ्यांच्या नजरा घड्याळांवर होत्या. "एवढा पूल जाऊ द्या," तो म्हणाला.

माझ्यातले पाणी उकळले. झाकणाखालून वाफ सुटली आणि पाणी बारीक नळीवाटे रस्त्यावर सांडत गेले. मागच्या गाड्यांच्या गोंगाटात ते कोणाला दिसले नाही. आणि आता जे झाले ते नीट ऐका. काट्याला खबर देणारी पितळी सुई पाण्यात बुडालेली असते. ती भोवतालच्या पाण्याचा ताप सांगते. पाणी उतरले, सुई उघडी पडली, आणि उघड्या सुईला पाण्याइतका ताप लागत नाही. काटा हळूहळू खाली आला.

"काका, आला खाली. कूल झालं," श्रद्धा म्हणाली.

"बघा. म्हटलं नव्हतं?" उत्तरेश्वरने सुस्कारा सोडला. त्याने डॅशबोर्डवर हलकेच थाप मारली, घाटमाथ्यावर मारायचा तशी. "गार डोक्याची हाय."

ती थाप या वेळीही मला आतपर्यंत पोहोचली. मी कोरडा होतो. मला एक थेंबही टाकता येत नव्हता.

पुलाच्या मध्यावर इंजिनाने धातू घासल्याचा एक लांब आवाज काढला आणि ते जागीच अडकले. पुन्हा कधी फिरले नाही.

श्रद्धाने कचेरीत फोन लावला. आमच्या जागी दुसरी गाडी आली, आणि ती दुसऱ्या दिवशीही आली.

गाडी ओढून पेठेत आणली. इंजिन कायमचे गेले, हे ऐकून उत्तरेश्वर दुकानाच्या पायरीवर बसला. रियाजभाईंनी मला उतरवले आणि टाकी उघडली. आत मातकट पिवळा थर होता, सुकलेल्या पिठल्यासारखा. रियाजभाईंनी त्यात स्क्रू ड्रायव्हर खुपसून पाहिला. ते टोमणा मारतील असे मला वाटले होते. त्यांनी मारला नाही.

"थेंब पडत होता तोवर ठीक होतं, उत्तरेश्वरभाऊ," ते हळूच म्हणाले. "तोवर हा बोलत होता."

जूनच्या आरंभी दुर्गाबाई आणि राजनंदिनी कळंबला परत निघाल्या. पुण्यातली खोली सोडली होती. उत्तरेश्वर दुसऱ्याच्या बसवर चालक म्हणून राहणार होता, त्याच हिंजवडीच्या रस्त्यावर. स्वारगेटला जाण्याआधी तो गाडीचे उरलेले सामान घ्यायला दुकानात आला. राजनंदिनी सोबत होती, शाळेचे दप्तर पाठीला लावून. तिने माझ्या उघड्या टाकीत डोकावून पाहिले, बोट लावले आणि बोटाचा वास घेतला.

"बाबा, ही आपल्या घरातली हळद आहे?"

दुर्गाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंड फिरवले. उत्तरेश्वरने मुलीचे बोट आपल्या सदऱ्याला पुसले आणि म्हणाला, "चल, गाडी सुटंल."

तेव्हापासून मी इथे टांगलेला आहे. लोकांनी आत पाहावे म्हणून रियाजभाईंनी मला दाराशीच लावले. परवा एक तरुण आला. "भाई, गळती थांबवायची पावडर आहे का? उद्या ऑफिसला जायचंय." रियाजभाईंनी माझ्याकडे बोट दाखवले. त्याने मला निरखून पाहिले, मान हलवली, आणि शेजारच्या दुकानात जाऊन बाटली घेतली.

मी ओरडू शकत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो, मित्रांनो. गळणारी वस्तू असो की कुरकुरणारे माणूस, आधी त्याचे तोंड बंद करू नका. फरशी पुसण्याआधी खाली वाका, आणि थेंब कुठून येतो आहे ते पाहा. तो पडतो आहे तोवर वेळ गेलेली नसते.